आपल्या घराचा आकडा

पावसाळ्यात सांगलीत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. कोयनेतून किती सोडलं? आयर्विनला किती फूट झालं? आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरंही सांगतात. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या गल्लीचा भरवसा मात्र निराळ्याच आकड्यावर होता. 2005 च्या महापुरात पाणी 54 फुटांच्या आसपास थांबलं होतं. तेव्हा ज्यांचा उंबरा कोरडा राहिला, ते म्हणत होते, "तवा आलं नाही, आता काय येतंय!" या खेपेला नदी 57 फुटांच्या वर गेली. सामान हलवायला कित्येकांना एक रात्रही मिळाली नाही.

पाणी घरात शिरलं नाही त्यांचीही सुटका नव्हती. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेल्यानं काही दिवस बंद होता. दूध, पेट्रोल, भाजी सगळ्याचीच ओढाताण झाली. वीज गेली, मोटर बंद, नळ कोरडे. आमच्या आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवावं लागलं. मदत येते, पण ती आधी जीव वाचवायला धावते. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या यादीत फार खाली असतात. मधले चार दिवस घरानंच काढायचे असतात.

म्हणून पहिलं काम: पुलापाशी किती फूट झाल्यावर पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहा. तो तुमच्या घराचा आकडा. त्याच्या 5 फूट आधी कागद, औषधं आणि धान्य वर चढवायचं. 3 फूट आधी म्हातारी माणसं, लेकरं, जनावरं हलवायची. ठरलेला आकडा आला की चर्चा नाही. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. बोटीची गरज पडायच्या आत निघणं हीच खरी तयारी.

बाकीची यादी साधी आहे. माणशी रोज 3-4 लिटर या हिशेबानं चार दिवसांचं पिण्याचं पाणी. आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. सुटे पैसे, कारण वीज गेली की एटीएम बंद. बॅटरी, भरलेली पॉवर बँक, आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर. रेशन कार्ड, आधार, पासबुक, घराचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत. निघताना मेन स्विच पाडायचा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवायचा.

परत आल्यावर दोन गोष्टी विसरू नका. वायरिंग तपासून घेतल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका, आणि जमिनीखालची टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकल्याशिवाय तिचं पाणी वापरू नका. चिखल काढायची कितीही घाई असली तरी आधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा घर धुतलेलं असेल, तर दाखवणार काय?