पाऊस बाहेर, मूल घरात : टॉनिक नको, खेळ द्या

जुलै महिन्यात पावसाची झड लागली की आमच्या तळोज्यातील दवाखान्यात सर्दी-तापाच्या रुग्णांबरोबर एक वेगळाच रुग्ण येतो. वय दोन ते पाच वर्षे. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. तक्रार आईची असते. "डॉक्टर, हा दिवसभर किरकिर करतो, जेवत नाही, रात्री वेळेवर झोपत नाही. एखादे टॉनिक लिहून द्या." तपासले तर मूल ठणठणीत असते. चार दिवस एका खोलीत कोंडून ते कंटाळलेले असते, एवढेच. या आजारावर बाटलीतले औषध नाही. उपाय मात्र प्रत्येक घरात आहे.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. वडील एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन झोपतात. घर एक खोली आणि स्वयंपाकघराचे. बाहेर पाऊस. मुलाने आवाज करायचा नाही, मग आई काय करणार? हातात मोबाईल देते. मूल गप्प बसते, सर्वांचीच सोय होते.

मागे असाच एक अडीच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. सकाळपासून रात्रीपर्यंत मोबाईल, जेवतानाही मोबाईल. आईची तक्रार भूक नसल्याची होती. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मुलाला सात-आठ शब्दांपलीकडे बोलता येत नव्हते. साधारणपणे दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलू लागते. मी आधी कानाची तपासणी करून घेतली. ऐकू उत्तम येत होते. मग मोबाईल पूर्ण बंद करून मुलाशी बोलण्या-खेळण्याचा 'कोर्स' आईला लिहून दिला. पहिले चार दिवस फार रडारड झाली. दिवाळीच्या सुमारास तो आला तेव्हा मला पाहून म्हणाला, "सुई नको!" इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. प्रत्येक मुलाच्या न बोलण्याचे कारण हेच असते असे नाही. म्हणून अशी शंका आल्यास तपासणी जरूर करावी, "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नये.

खेळ इतका महत्त्वाचा का? पाचव्या वर्षापर्यंत मुलाच्या मेंदूची वाढ प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेली असते. याच वयात भाषा येते आणि ती समोरच्या माणसाने उत्तर दिल्याने येते. मोबाईल बोलतो, पण मुलाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षे वयाला दिवसाकाठी तासापेक्षा जास्त नको. त्याच सल्ल्यात एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी असेही म्हटले आहे. पावसात हे तीन तास कुठून आणायचे? तर थोडे थोडे करून.

धावपळीचे खेळ : सकाळी रात्रपाळीचे वडील घरी येण्यापूर्वी आणि संध्याकाळी ते उठल्यावर हे खेळ घ्यावेत. फरशीवर खडूने चौकोन आखून उड्या मारणे, उशांवरून 'नदी' ओलांडणे, बेडकासारखे, खेकड्यासारखे चालणे, एकामागे एक धरून आगगाडी करणे, गाण्यावर नाचणे. दहा मिनिटांत मुलाला घाम येतो, भूकही लागते.

शांत खेळ : वडील झोपलेले असताना खाटेवर किंवा दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू करावा. त्यात भातुकली मांडावी. गोष्ट कुजबुजत सांगावी, मुलांना कुजबुजण्याची मोठी मौज वाटते. शेणाच्या घराचा कावळा आणि मेणाच्या घराची चिमणी ही गोष्ट तर पावसाचीच आहे. रोज सांगितली तरी मूल कंटाळत नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या होड्या कराव्यात, मोठ्या कागदावर रंगीत खडूने रेघोट्या मारू द्याव्यात.

कामातला खेळ : आईला दिवसभर खेळायला वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मुलालाच कामात घ्यावे. कणकेचा गोळा द्यावा, त्याची पोळी वाकडी झाली तरी भाजून त्यालाच वाढावी. वाळलेल्या कपड्यांतून 'बाबांचे कुठले, ताईचे कुठले' ते वेगळे करायला लावावे, मोज्यांच्या जोड्या लावायला सांगावे. तोंडाने मात्र बोलत राहावे.

महागडी खेळणी लागतातच असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत काम केले. तेथे पाने, फुले, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तू हीच शिकण्याची साधने होती. तोही आपल्यासारखाच भरपूर पावसाचा भाग.

एक युक्ती सांगतो. या वयाचे मूल एका खेळात बहुधा पाच-दहा मिनिटेच रमते. तो त्याचा दोष नव्हे, वयच तसे आहे. म्हणून घरातली निम्मी खेळणी पिशवीत बांधून वर ठेवावीत आणि चार दिवसांनी अदलाबदल करावी. जुनेच खेळणे नवे वाटते.

पावसात जाऊ द्यावे का? निरोगी मुलाला जरूर जाऊ द्यावे. सर्दी विषाणूंमुळे होते, पावसाच्या थेंबांमुळे नव्हे. पाऊस रिमझिम असताना, विजा कडाडत नसताना, मोठ्या माणसाने हात धरून दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात न्यावे. मग अंग पुसून कोरडे कपडे घालावेत. साचलेल्या आणि नाल्याच्या पाण्यात मात्र पाय घालू देऊ नये. त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. अशा पाण्यातून गेल्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

घरात खेळताना ही काळजी घ्यावी :

१) चिंचोके, शेंगदाणे, मणी, बटणे तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकू शकतात. नाकात काही गेल्यास चिमट्याने किंवा काडीने काढू नये, दवाखान्यात आणावे.

२) रिमोटमधला, खेळण्यातला गोल चपटा सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

३) टब-बादलीतले पाणी खेळ संपताच ओतून टाकावे. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

४) जाळी नसलेल्या खिडकीजवळ खाट, खुर्ची ठेवू नये. ओल्या हाताने बटणे दाबू देऊ नयेत.

५) डेंग्यूचा डास दिवसा चावतो. घरात खेळतानाही अंगभर कपडे असावेत, कूलर व कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात.

खेळूनही मूल मलूल राहिले, ताप असला, पाणी पीत नसले किंवा लघवी कमी झाली, तर तो कंटाळा नव्हे. तेव्हा घरी न थांबता दाखवून घ्यावे.

शेवटी वडील मंडळींना एक विनंती. झोप झाल्यावर चहा घेता घेता अर्धा तास मुलाला द्या. घोडा व्हा, होडी करा, त्याची बडबड ऐका. पावसाळा चार महिन्यांचा असतो आणि मुलाचे हे वयही फार दिवस राहत नाही. अर्ध्या तासाचे हे औषध फुकट आहे आणि त्याचा गुण मी माझ्या दवाखान्यात पाहिलेला आहे.