पाण्यात कॅमेरा नेताना : वॉटरप्रूफ कव्हर कसं निवडायचं? (विज्ञान व परिसर अभ्यास, इयत्ता ५ वी ते ८ वी)



सुट्टी जवळ आली की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "बाई, गोव्याला चाललोय, मुलाला सर्फिंग शिकवणार आहोत. फोटो काढायला फोन पाण्यात न्यायचाय, कव्हर कोणतं घेऊ?" सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेसोबत किनाऱ्याकडे घसरत येणं. पोर पहिल्यांदा फळीवर उभं राहतं ते जेमतेम तीन-चार सेकंद. तो क्षण टिपावासा वाटणारच. पण आजकाल फोनमध्ये बँक असते, शाळेचे ग्रुप असतात, आजीआजोबांचे जुने फोटो असतात. एक थेंब आत गेला तर सगळंच जातं.

हा प्रश्न खरेदीचा वाटतो, पण नीट बघितलं तर त्यात दाब, प्लावक बल, अपवर्तन आणि बाष्पाचं संघनन असा अर्धा विज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. म्हणून आज यावरच पाठ घेऊ. लक्षात एवढंच ठेवायचं : आधी पाणी ठरवा, मग कव्हर. आणि छापलेल्या आकड्यावर विसंबण्याआधी कव्हर रिकामं बुडवून बघा.

१) आधी पाणी ओळखा

मुलांना विचारा, "आपल्या बेलापूरच्या आसपास कुठलं कुठलं पाणी आहे?" उत्तरं भराभर येतात. पारसिकच्या डोंगरावरचा पाऊस. दिवाळे गावाजवळची खाडी. मग कोणीतरी अलिबागचा समुद्र सांगतो, कोणी मालवण. फळ्यावर चार रकाने करा.

पाऊस : वरून थेंब पडतात, कव्हर बुडत नाही.
खाडी : पाणी गढूळ, खाली चिखल. फोन हातातून सुटला तर दिसणारही नाही.
तारकर्ली-मालवण : पावसाळा सरल्यावर पाणी बरंच स्वच्छ, डुबकी मारून बघण्याजोगं. तिथे खोलीचा दाब येतो.
लाटा : खोली कंबरभर, पण पाणी जोरात आदळतं. वाळूही सोबत येते.

चार पाण्यांचे चार वेगळे त्रास आहेत. डुबकीसाठी उत्तम असलेलं कव्हर लाटेत गैरसोयीचं ठरू शकतं आणि पावसाचं कव्हर तर लाटेत न्यायचंच नाही.

२) खोक्यावरचा आकडा वाचायला शिका

खोक्यावर आयपी६७, आयपी६८, आयपीएक्स८ असं काहीतरी छापलेलं असतं. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 'एक्स' असेल तर त्या बाबतीतली चाचणी नोंदवलेली नाही, एवढाच अर्थ. पाण्याच्या जागी ७ असेल तर वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून तपासलेली असते. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः सांगते. म्हणून नुसता ८ बघून थांबू नका, पुढे किती मीटर लिहिलंय तेही वाचा.

यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक, ही चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते. तिथे मीठ नाही, वाळू नाही, लाट नाही. दुसरी, पाण्याचा फवारा मारण्याची चाचणी वेगळी असते, तिचे आकडे ५ आणि ६. बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेली वस्तू फवाऱ्याच्या परीक्षेत पास होईलच असं नाही. आपण मुलांना सांगतो ना, गणितात पहिला आला म्हणून चित्रकलेत येतोच असं नाही, तसंच हे.

मुलांना इथे एक सवय लावता येते. कोणताही आकडा दिसला की विचारायचं, "हा कोणत्या परिस्थितीत खरा आहे?"

३) लाट आदळते तेव्हा काय होतं?

आठवीला 'बल व दाब' आहेच. समुद्रात साधारण १० मीटर खाली गेलं की वातावरणाच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो. तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो वजनाइतका असतो. फोनची एक बाजू साधारण १०० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे १ मीटर खोलीवर त्या बाजूवर जवळजवळ १० किलोचा भार आणि १० मीटरवर १०० किलोचा! हा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. शंभर किलो म्हटलं की वर्ग एकदम जागा होतो.

आता लाट. सेकंदाला ५ मीटर वेगाने पाणी आदळलं तर त्या धक्क्याचा दाब सुमारे सव्वा मीटर खोलीइतका होतो. वेग १० मीटर झाला की तो सुमारे ५ मीटर खोलीइतका. वेग दुप्पट, दाब चौपट. म्हणजे कंबरभर पाण्यात उभं राहूनही '१ मीटर' लिहिलेलं कव्हर कमी पडू शकतं. लाटेसाठी घ्यायचं तर किमान १० मीटर लिहिलेलं घ्या आणि बंद करायची पट्टी किंवा कडी पक्की आहे ना, ते बघा.

४) सगळा खेळ रिंगचा

वॉटरप्रूफ पेटीला हाउसिंग म्हणतात. तिच्या दारात रबराची किंवा सिलिकॉनची एक गोल रिंग असते, ओ-रिंग. तिचं काम मुलांना कुकरवरून लगेच कळतं. आतून झाकण बसणारा कुकर आठवा. गॅसवर ठेवल्यावर सुरुवातीला कडेने फसफस वाफ येते. दाब चढला की झाकण रिंगवर घट्ट बसतं आणि वाफ थांबते. कुकरमध्ये दाब आतून असतो, हाउसिंगमध्ये बाहेरून, पण तत्त्व तेच. खोल पाण्यात दार रिंगवर आणखी दाबलं जातं. म्हणूनच गळती पुष्कळदा उथळ पाण्यात, सुरुवातीलाच होते, आणि लाटांचं पाणी उथळच असतं. रिंगवर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला तरी पाण्याला वाट मिळते.

एवढीशी रिंग किती महत्त्वाची, हे सांगायला एक खरी घटना आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं. सातही अंतराळवीर गेले. त्यात ख्रिस्टा मॅकॉलिफ या शाळेतल्या शिक्षिकाही होत्या. रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग त्या पहाटेच्या थंडीत कडक झाली होती आणि सांधा नीट बंद राहिला नाही. चौकशीच्या वेळी शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवलं की थंडीत ते दबल्यावर लगेच मूळ आकारात येत नाही. एक ग्लास बर्फाचं पाणी आणि एक तुकडा, एवढाच प्रयोग! रिंग कोणत्या परिस्थितीत चालते, हा तिथेही प्रश्न होताच.

५) कव्हरांचे प्रकार

मऊ पिशवी : काही शे रुपयांत मिळते. पाऊस, होडीतून फेरी, घोट्याएवढं पाणी यासाठी ठीक. पाण्याखाली फोनचा टचस्क्रीन नीट चालत नाही, कारण पाणीही वीज वाहून नेतं आणि बोट कुठे टेकलं ते स्क्रीनला कळत नाही. फोटो आवाजाच्या बटणाने काढायची सोय आधीच करून ठेवा. लाटेत मात्र ही पिशवी नको.

अॅक्शन कॅमेरा : लाटेसाठी बहुतेकांना हाच पुरतो. गोप्रोची सुरुवातच सर्फिंगमधून झाली. निक वुडमन या सर्फरला लाटेवर असतानाचे स्वतःचे फोटो हवे होते. २००४ साली त्याने मनगटाला बांधायचा फिल्मचा कॅमेरा बाजारात आणला. आजचे अनेक अॅक्शन कॅमेरे १० मीटरपर्यंत कव्हराशिवाय चालतात. त्याहून खोल जायचं तरच वेगळं हाउसिंग लागतं. शाळेला किंवा चार कुटुंबांना मिळून एक घेता येतो, आणि महागाचा फोन कोरडा राहतो.

फोनचं कडक हाउसिंग : जाड प्लास्टिक, आत ओ-रिंग, बाहेर दाबायची बटणं. आपल्याच मॉडेलचा फोन त्यात बसतो ना, आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या भिंगांसमोर काच येते ना, ते बघा.

मोठ्या कॅमेऱ्याचं हाउसिंग : व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी. ते एकाच मॉडेलच्या मापाचं असतं, कॅमेरा बदलला की बहुधा निरुपयोगी. इथेही दोन जाती आहेत. डुबकीचं हाउसिंग जड, खूप बटणांचं आणि खोल दाब सोसणारं. सर्फचं हलकं, मोजक्या बटणांचं, खाली पिस्तुलासारखी मूठ असलेलं, म्हणजे एका हाताने पोहता येतं आणि दुसऱ्याने फोटो काढता येतो. नुसती '४० मीटर' अशी जास्त खोली बघून डुबकीचं हाउसिंग लाटेत नेलं तर ते वजनाने हातातून निसटेल.

६) समोरची काच : सपाट की घुमटाकार?

ग्लासातल्या पाण्यात पेन्सिल वाकडी दिसते, तोच नियम इथे. सपाट काचेतून पाण्याखाली वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर आणि मोठी दिसते, म्हणजे चित्रात कमी भाग मावतो. घुमटासारख्या गोल काचेमुळे रुंद दृश्य टिकतं. अर्धं पाण्याखाली, अर्धं वर असा फोटो हवा असेल तर मोठा घुमट सोयीचा. दुरून, वरच्यावर फोटो घ्यायचे असतील तर सपाट पुरे.

काचेवर थेंब राहिले की फोटोत डाग येतात. त्यावर सर्फचे छायाचित्रकार काय करतात, ओळखा! काचेवर जीभ फिरवतात. लाळेमुळे पाण्याचे सुटे थेंब न राहता पातळ थर पसरतो. मुलं "ईऽऽ" करतील, पण पृष्ठताण कायमचा लक्षात राहील.

७) वर्गातली कृती : बादलीची परीक्षा

साहित्य : रिकामं कव्हर, कोरडा टिश्यू पेपर, गुळगुळीत खडे, बादलीभर पाणी, घड्याळ, एक केस.

क) फोनच्या वजनाइतके खडे टिश्यूत गुंडाळून कव्हरात ठेवा. फोन अजिबात ठेवू नका.
ख) कव्हर बंद करा, बादलीत सोडा. तरंगतं की बुडतं? अंदाज आधी वहीत लिहायचा.
ग) हाताने ३० मिनिटं पाण्याखाली धरा. गटाने पाळ्या लावा. मधूनमधून कडांवरून बुडबुडे येतात का बघा.
घ) बाहेर काढून आधी बाहेरून पुसा, मग उघडा. टिश्यू कोरडा आहे का?
च) आता बंद होण्याच्या जागी मुद्दाम एक केस ठेवून पुन्हा तेच करा आणि फरक नोंदवा.
छ) शेवटी केस काढून, नवा टिश्यू घालून, नळाच्या जोरदार धारेखाली कव्हर फिरवा. ही आपली छोटी लाट.

निष्कर्ष लिहून घेताना एक गोष्ट सांगायला विसरू नका. बादलीत नापास झालेलं कव्हर समुद्रात नेऊ नये, हे नक्की ठरतं. बादलीत पास झालेलं लाटेत टिकेलच, हे मात्र त्यावरून ठरत नाही. म्हणून सहलीला गेल्यावर पहिली डुबकीही रिकाम्या कव्हरानेच.

८) वापरताना आणि नंतर

• हाउसिंग कोरड्या जागी बंद करा. दमट हवा आत अडकली की थंड पाण्यात काचेवर आतून धुकं धरतं. नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत ठेवा, पण लहान मुलांच्या हाती देऊ नका.
• तरंगणारा, भडक रंगाचा मनगटी पट्टा लावा.
• समुद्रातून आल्यावर हाउसिंग न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. सुकलेल्या मिठाचे कण रिंगला इजा करतात.
• सावलीत वाळवा. रिंग काढायला सुई-पिन नको. कंपनीने सांगितलेलं ग्रीस असेल तेच, तेही पातळ बोट फिरवून लावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको.
• पाणी आत गेलंच तर फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि दुरुस्तीच्या दुकानात न्या.

९) फोटो काढणारा वेगळा, लक्ष ठेवणारा वेगळा

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठी. स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला पाठीमागून येणारी लाट दिसत नाही आणि बाजूला गेलेलं मूलही दिसत नाही. म्हणून ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्यावर मुलाची जबाबदारी टाकू नका. दुसरं मोठं माणूस रिकाम्या हाताने मुलाजवळ हवं. दोघं नसाल तर कॅमेरा पिशवीत राहू दे, किंवा शिकवणारा मुलासोबत असताना किनाऱ्यावरून झूम करून घ्या. कोरड्या वाळूवरून काढलेल्या फोटोला कुठलंच कव्हर लागत नाही. कव्हर पडलं, वाहून गेलं तर त्याच्यामागे जायचं नाही, हे मुलाला पाण्यात उतरण्याआधी दोनदा सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात तर उतरायचंच नाही, कव्हर कितीही चांगलं असो.

स्वाध्याय

१. आयपी६७ लिहिलेला फोन कव्हराशिवाय लाटेत का नेऊ नये? दोन कारणं लिहा.
२. ३ मीटर खोलीवर फोनच्या १०० चौरस सेंटिमीटर बाजूवर सुमारे किती किलोचा भार येईल?
३. घरात रिंग असलेल्या वस्तू शोधा (डबा, बाटली, कुकर). रिंग काढून आणि लावून पाण्याने तपासा. कुकरची रिंग मोठ्यांच्या मदतीनेच काढा.
४. घरातल्या कोणत्याही एका वस्तूच्या खोक्यावरचा दावा वहीत उतरवा आणि त्यापुढे लिहा : हा दावा कोणत्या परिस्थितीत खरा असेल? तो घरच्या घरी कसा तपासता येईल?