लाकडाचे विमान

नगर जिल्ह्यातल्या एका गावी सुताराने शाळेसाठी पांगाऱ्याचे लढाऊ विमान केले. "गुरुजी, बरं झालंय का?"

आम्ही विचारले, "हरिकेन दिसतंय. पण कोणत्या सालचं, मिस्त्री?"

"1944 सालचं. इंफाळच्या लढाईतलं."

या विमानाची रुंदी 40 फूट. फुटाला पाव इंच धरा, 10 इंच होतात. माप बरोबर होते. पहिल्या हरिकेनांच्या नाकावर दोन पात्यांचा लाकडी पंखा असे. पुढे तीन पाती आली. मिस्त्रींनी तीनच बसवली होती. शाबास!

पण रंग चुकला. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घाईत आपलेच लोक आपल्या विमानावर गोळ्या झाडायचे. म्हणून आपल्या गोल खुणेतला लाल ठिपका काढून टाकला होता. इंफाळला अर्जन सिंग यांच्या तुकडीची हरिकेन विमाने तशीच होती.

मिस्त्रींनी तो ठिपका ठळक रंगवला होता. त्यांनी काचपेपर मागितला.