सुटीतील स्वधर्मविचार

(अध्ययनासाठी : अध्याय १८, श्लोक १३ ते १५, २५ व ६३)

भिलाईच्या सेक्टर ६ मधील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. उन्हाळ्याची सुटी लागली आहे. आजोबा विदर्भातून येथे इस्पात कारखान्यात नोकरीस आले. वडीलही तेथेच रुजू झाले. मुलगा यंदा अकरावी उतरला आहे. ‘पुढे काय?’ हा प्रश्न रोज जेवताना निघतो. वडिलांना मुलगा अभियंता व्हावा असे वाटते. आईला तो घराजवळ राहावा असे वाटते. मुलगा बहुधा गप्प असतो. एके रात्री मात्र तो म्हणतो, “बाबा, फळाची आशा धरू नये, असे तुम्हीच सांगता ना? मग पुढचा एवढा विचार कशाला?” वडील निरुत्तर होतात.

ही शंका पुष्कळांच्या मनात असते. म्हणून तिचे उत्तर नीट पाहिले पाहिजे.

योजना आणि आसक्ती

दुसऱ्या अध्यायात निषेध आहे तो फलासक्तीचा, विचाराचा नव्हे. उलट अठराव्या अध्यायात, परिणाम, हानी, इतरांना होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस ठरविले आहे. तेव्हा योजना न करणे म्हणजे निष्कामता नव्हे. तो प्रमाद होय. शेजारचा मुलगा शिकवणीवर्गाला गेला म्हणून आपणही जाणे, हेही याच कोटीत येते. योजना कर्माची करावी. चिंता फळाची करू नये.

कर्माची पाच कारणे

योजना कशी करावी, हेही तेथेच सापडते. कोणत्याही कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात. श्रीशंकराचार्य ‘अधिष्ठान’ म्हणजे शरीर असा अर्थ करतात. जागा किंवा आधार असाही अर्थ केला जातो. प्रस्तुत विचारात दोन्ही उपयोगी आहेत.

भिलाईकरांना दृष्टांत दूर शोधावयास नको. कारखाना येथेच का उभारला? दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, तांदुळा जलाशयाचे पाणी आणि मुंबई-हावडा लोहमार्ग ही सर्व येथून जवळ होती, हे अधिष्ठान. भारतीय व सोव्हिएत तंत्रज्ञ आणि हजारो कामगार हे कर्ते. यंत्रे ही करणे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधली चार वर्षे ही चेष्टा होय. एवढे करूनही जे माणसाच्या हाती राहत नाही, ते दैव. लोखंडाच्या कारखान्याला जो विचार लागला, तो माणसाच्या आयुष्याला नको काय?

कर्त्याची ओळख

पाचांपैकी कर्त्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. स्वधर्म म्हणजे वडिलांचा धंदा, असा सोपा अर्थ पुष्कळ लोक करतात. पण गीतेने कर्मांचे विभाग स्वभावातून उत्पन्न होणाऱ्या गुणांवरून सांगितले आहेत.

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई यांचे चरित्र येथे आठवावे. आजोळच्या आजोबांच्या तोंडून महाभारतकथा ऐकत त्या वाढल्या. स्त्रियांनी पंडवानी बसून गावी, अशी रूढी होती. त्या उभ्या राहून कापालिक पद्धतीने गाऊ लागल्या. समाजाचा रोष त्यांनी सोसला, पण गाणे सोडले नाही. पुढे त्या भिलाईच्या कारखान्यात नोकरीसही होत्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. कोणी न सांगता जे काम माणूस पुन्हा पुन्हा करतो, तेथे त्याचा स्वभाव दिसतो. तसेच चरितार्थ आणि स्वभाव यांचा एकच मार्ग असला पाहिजे, असे नाही. दोन्ही निष्ठेने सांभाळता येतात.

सुटीतील अभ्यास

१. अधिष्ठान : प्रकृती, घरची ऐपत आणि जवळच्या शिक्षणसोयी यांची प्रामाणिक नोंद करावी. दुर्ग-भिलाईत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेपासून आय.आय.टी.पर्यंतच्या सोयी आहेत; त्यांतील आपल्याला कोणती मानवेल, ते पाहावे.

२. कर्ता : कोणत्या कामात वेळेचे भान राहत नाही आणि कोणत्या कामात मन चुकारपणा करते, हे पंधरा दिवस रोज रात्री लिहावे.

३. करणे : गणित, भाषा, हात, डोळा यांपैकी काय तयार आहे व काय कच्चे आहे, हे शिक्षकांना विचारावे.

४. चेष्टा : तीन निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांना भेटून ‘तुमचा दिवस कसा जातो?’ असे विचारावे. पगार नंतर विचारावा. शक्य तर एखाद्या दुकानात किंवा कार्यशाळेत काही दिवस प्रत्यक्ष राबावे.

५. दैव : परीक्षेत जागा थोड्या असतात, कारखान्यातील कायम नोकऱ्याही पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. म्हणून दुसरा मार्गही आताच लिहून ठेवावा. तो पराभव नव्हे, सावधपणा होय.

वडीलधाऱ्यांसाठी

भगवंतांनी अर्जुनाला सर्व काही सांगितले; पण शेवटी याचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्याच हाती ठेवला. सर्वज्ञ गुरूने जे स्वातंत्र्य शिष्याला दिले, ते पित्याने पुत्राला नाकारू नये. मात्र ‘पूर्ण विचार करून’ हा त्यातील भाग मुलानेही विसरू नये. त्या घरातील वडिलांनी सुटीच्या शेवटी मुलाची वही मागावी, शांतपणे वाचावी, आपले मत सांगावे आणि मग वही त्याला परत द्यावी.

मननासाठी प्रश्न

१. निष्कामता आणि निष्काळजीपणा यांतील भेद स्वतःच्या उदाहरणाने सांगा.

२. आपल्या निवडीत स्वभावाचा भाग किती व अनुकरणाचा किती?

३. यश न आले तरी जे कर्म करावेसे वाटेल, असे कोणते?