चेसिसवरचे आकडे

जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्या गृहस्थाचे लक्ष एंजिन, पत्रा आणि रंग यांकडे आपोआप जाते. परंतु ज्या खुणेवर त्या गाडीचे सरकारदरबारचे अस्तित्व सर्वस्वी अवलंबून असते, ती म्हणजे चेसिसच्या लोखंडावर ठोकलेले आकडे, आणि ते नाहीसे झाले म्हणजे एंजिन कितीही सुरळीत चालो, गाडी कायद्याच्या दृष्टीने बेवारस ठरते. हे मला ज्या रीतीने कळले तशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढ्याचसाठी हा मजकूर लिहीत आहे.

अशोक चौकाच्या बाजूस आमचे यंत्रमाग चालत असता सुताच्या व चादरींच्या गासड्या वाहण्यासाठी वडिलांनी घेतलेली महिंद्राची पिकअप, जिच्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने येथे तयार होणारे डिझेल एंजिन होते, धंदा आटोपल्यावर परसात उभी राहिली. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे लोखंड सहसा सडत नाही. पण चेसिसच्या पन्हळीत घट्ट बसलेली आमच्या भागातली काळी माती पावसाळ्याची ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते, आणि तिच्याखाली गंज बिनबोभाट वाढत जातो. पुढच्या उजव्या चाकाच्या आतील बाजूस तो असाच वाढला होता. गंज मुळापासून काढा, एवढे मिस्त्रींना सांगून मी कामावर गेलो. त्यांनी ग्राइंडर फिरवला, लोखंड पातळ लागले तेथे पट्टी वेल्ड केली आणि वर रेड ऑक्साइड मारले. “मालक, गंजाचा कण ठेवला नाही बघा,” असे ते संध्याकाळी समाधानाने म्हणाले. त्यांचा दोष नव्हता. नंबर नेमका तेथेच होता आणि तो मी त्यांना दाखवलाच नव्हता.

रंगरंगोटी, नवा हौदा, पाट्यांची दुरुस्ती असा सारा खर्च होऊन गेल्यावर गाडी पासिंगला नेली. निरीक्षकांनी विजेरी घेऊन वाकून पाहिले, किल्लीच्या टोकाने रंग खरवडला, पुन्हा पाहिले, आणि अर्ज परत दिला. आरसी बुकातील शेवटचे आकडे दमटपणाने पुसट झालेले, गाडीवर तर काहीच नाही. अशा गाडीविषयी चोरीचा संशय घेणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पुढे पोलिसांचा दाखला, उत्पादकाकडील नोंदींची खातरजमा, नव्याने आकडे ठोकण्याची परवानगी, असे ते प्रकरण दीर्घकाळ दप्तरोदप्तरी फिरले, आणि त्या मुदतीत नवा रंग उन्हात फिका पडला.

येथे एक शास्त्रीय गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. ठशाच्या आघाताने आकड्याखालील पोलादाची कणरचना खोलवर दबते, म्हणून पृष्ठभाग घासला गेला तरी विशिष्ट आम्लमिश्रण लावून न्यायसहायक विज्ञानाचे तज्ज्ञ तो आकडा पुष्कळदा पुन्हा उमटवू शकतात. परंतु खोल घासल्यास तो दबलेला थर निघून जातो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती रचना बदलते; माझ्या गाडीवर दोन्ही उपचार झाले होते.

म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच आकड्यांवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिलीने चेसिस प्रिंट काढावी आणि आरसी बुक, विमा व परिवहन खात्याची नोंद यांच्याशी आकडा न्‌ आकडा ताडून पाहावा. तफावत निघाल्यास आधी अर्ज, मग हातोडा. तो भाग रॉकेल व पितळी ब्रशने स्वतः साफ करून त्यावर ग्रीस चोपडावे, पत्र्याचा तुकडा बांधावा, भोवती खडूने ठळक रेघ ओढावी, आणि ग्राइंडर चालेल तेवढा वेळ तेथून हलू नये. लोखंड नेमके तेथेच सडले असेल तर लेखी परवानगीवाचून पट्टी लावू नये.

एंजिन बदलायचे असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे आणि भंगारबाजारातील एंजिन विक्रेत्याच्या पावतीशिवाय घेऊ नये. गाडी जुनी म्हणून सवलत मिळेल, ही आशाही व्यर्थ आहे. २०२१ साली केंद्राने केलेले व्हिंटेज वाहनांचे नियम पन्नास वर्षांवरील, खासगी वापराच्या आणि चेसिस, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनांपुरतेच आहेत, आणि गासड्या वाहिलेल्या पिकअपला त्यांत स्थान नाही.