लाकडी सज्जा : रंगाआधी स्वच्छता

रायपूरच्या जुन्या घरांतील लाकडी सज्जे जून ते सप्टेंबरचा पाऊस सोसतात आणि दिवाळीपूर्वी नव्या रोगणाची वाट पाहतात. परंतु रोगण लाकडाला धरते, धुळीला नव्हे. शेवाळ, बुरशी वा सुटलेला जुना थर राहिल्यास नवा थरही त्यासोबत पापुद्र्यांनी निघतो आणि खर्च व्यर्थ जातो.

प्रथम सज्जा झाडून, सौम्य साबणाच्या पाण्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने मऊ ब्रशने घासावा. लोखंडी तारेचा ब्रश टाळावा. त्याचे अडकलेले कण गंजून डाग पडतात.

जुन्या रंगाबाबत सावध राहावे. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून असा रंग ओला करूनच खरवडावा, एन-९५ मुखपट्टी बांधावी व लहान मुलांना दूर ठेवावे.

सज्जा धुऊन दोन-तीन दिवस वाळू द्यावा. उघड्या लाकडावर १२० क्रमांकाचा काचकागद फिरवून भुकटी पुसावी. शेवटी पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते मुरले, तर ती जागा सुकताच रोगण द्यावे. तसेच राहिले, तर जुना थर शिल्लक आहे. कर्जमंजुरीपूर्वी कागदपत्रांची छाननी जितकी आवश्यक, तितकीच ही पडताळणी!