ताण मोजायचा, पण कोणत्या शब्दांत?

‘ताप मोजायला थर्मामीटर आहे, मग मनावरचा ताण डॉक्टर कसा मोजतात?’ असे एका वाचकाने विचारले आहे. त्यासाठी प्रश्नावल्या असतात. पण थर्मामीटर कोणत्याही देशातला असला तरी ताप तोच दाखवतो, प्रश्नावलीचे तसे नाही. ती परभाषेतून आणली की बिघडू शकते. हे मी शिकलो ते परिचारिकांकडून.

काही वर्षांपूर्वी कामाच्या ताणाविषयीच्या एका इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करण्यात माझा हात होता. तिच्यामागे अमेरिकी संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली मांडलेला विचार होता. नुसते काम जास्त म्हणून माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो.

रीतीप्रमाणे एकाने मराठी भाषांतर केले. मूळ प्रत न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत नेले. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० सालच्या लेखानंतर ही पद्धत चांगली रुळली आहे. दोन्ही इंग्रजी प्रती जुळल्या, आम्ही खूश झालो.

मग छपाईआधी काही सिस्टरना प्रश्न वाचायला दिले. ‘तुमच्या कामावर तुमचे नियंत्रण असते का?’ यापुढे एका ज्येष्ठ सिस्टरनी ‘नेहमी’वर खूण केली. त्या रात्रपाळी उतरून आल्या होत्या, डोळे तारवटलेले. मी विचारले, ‘सिस्टर, या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?’ त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, दोन मावश्या नि एक वॉर्डबॉय माझ्या हाताखाली. मी नियंत्रण ठेवलं नाही तर कामं होतील का?’

म्हणजे आम्ही विचारले एक, त्यांनी ऐकले दुसरे. पाळी कोणती, सुटी कधी, यातले काहीही त्यांच्या हाती नव्हते. कागदावर मात्र ‘मुभा भरपूर, ताण कमी’ असा निकाल लागला असता. उलट भाषांतरात ही चूक सापडणेही शक्य नव्हते, कारण ‘नियंत्रण’ इंग्रजीत नेले की मूळचाच शब्द परत मिळतो. आम्ही सगळे शब्दकोशाशी प्रामाणिक होतो, एवढेच.

प्रश्न बदलला: ‘कोणते काम आधी करायचे, हे तुम्हाला स्वतः ठरवता येते का?’ त्याच सिस्टर हसून म्हणाल्या, ‘ते कुठलं हो आमच्या हातात!’

‘क्वचित’, ‘कधीतरी’ आणि ‘अधूनमधून’ यांत कमी कोणते, यावरही त्यांच्यात एकमत नव्हते. ‘ताण’ म्हटले की काहींना कमरेचा ताण आठवे. शेवटी ‘टेन्शन’ ठेवले. शुद्धलेखनवाल्यांनी क्षमा करावी.

यानंतर आकडेमोड. एकाच गोष्टीविषयीची उत्तरे एकमेकांशी जुळतात का, हे ली क्रॉनबाक यांच्या १९५१ सालच्या ‘अल्फा’ या मापाने पाहतात, ०.७ च्या वर आला तर साधारणतः ठीक मानतात. दोन आठवड्यांनी त्याच व्यक्तींना पुन्हा विचारतात. पण दर वेळी पन्नास ग्रॅम कमी भरणारा तराजूही सातत्य राखतोच की! सगळ्यांनी प्रश्न सारखाच चुकीचा समजून घेतला तरी अल्फा चांगला येऊ शकतो. म्हणून जास्त भाराच्या वॉर्डातील गुण खरोखर जास्त येतात का, झोपेच्या तक्रारींशी ते जुळतात का, हेही पाहावे लागते.

आणखी एक. भरलेला कागद मेट्रनच्या टेबलावर ठेवायचा असेल, तर कोणाला ताण असणारच नाही. कागदावर नाव नको, आणि जमा करायला बंद पेटी हवी.

मासिकात किंवा मोबाइलवर ‘तुमचा ताण ओळखा’ अशा चाचण्या येतात. ती आपल्या भाषेत, आपल्यासारख्या लोकांवर तपासलेली आहे का, हे पाहावे. नसेल तर गुण कमी आले म्हणून निर्धास्त राहू नये, जास्त आले म्हणून घाबरू नये. झोप उडणे, चिडचिड, कामावर जाण्याची धास्ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर गुण कितीही येवोत, डॉक्टरांना भेटावे. जवळ डॉक्टर नसतील तर शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते.